सबक, आमोख्ता आणि बीजगणित: नागपुरातल्या एका निवासी मदरशाचं प्रकरण

दुपारी अडीचला गणित ठेवलं, तिथेच पहिली चूक झाली. जुहरची नमाज झालेली, पोटात वरण-भात गेलेला, डोक्यावर नागपूरचं ऊन. त्या वेळेला मदरशात कैलुल्याची, म्हणजे वामकुक्षीची रीत आहे आणि ती आळसातून आलेली नाही. मुलं पहाटे पाचच्या आधीपासून जागी असतात. त्यांना उठवून बसवलं तर ती बसतात, मान हलवतात, वहीही उघडतात. फक्त शिकत नाहीत.

इथे मांडलेला मदरसा नमुन्यादाखल उभा केलेला आहे. उत्तर नागपुरात, कामठी रस्त्याच्या अंगाला, दोन मजली इमारत, वर पत्र्याचं छप्पर, ८४ निवासी मुलं. अशा मदरशांमध्ये जे पुन्हा पुन्हा होतं त्यावरून हा नमुना बांधला आहे. कायदे, रकमा आणि तारखा मात्र खऱ्या आहेत. मुलं तीन गटांत आहेत. नाझरा, म्हणजे कुराण बघून वाचायला शिकणारी २२ मुलं, वय सहा ते नऊ. हिफ्ज, म्हणजे पाठांतर करणारी ४१, वय नऊ ते चौदा. आणि हिफ्ज संपवून आलिमच्या, म्हणजे धर्मपंडिताच्या, अभ्यासक्रमाच्या उंबरठ्यावर आलेली २१, वय चौदा ते एकोणीस. निम्म्याहून जास्त मुलं विदर्भातली, पुसद, दिग्रस, अकोला, चंद्रपूरकडची. काही शिवनी-बालाघाटची, बाकी बिहारच्या अररिया-किशनगंज पट्ट्यातली. मोहतमिमसाहेबांचा, म्हणजे संस्थाप्रमुखांचा आधुनिक शिक्षणाला विरोध नाही. ट्रस्टींचा तर आग्रहच आहे. तरी पहिल्या वर्षीचा प्रयोग तीन महिन्यांत बसला.

बाहेरून बघणारा याचं कारण विचारसरणीत शोधतो. ते तिथे नसतं. दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महलातल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात बसवला, आणि त्यात तर्कशास्त्र, हिशेब, युक्लिडची भूमिती, खगोल हे सगळं होतं. त्यातून काझी आणि दरबारी कारकून तयार व्हायचे. त्या काळाच्या मानाने ते नोकरीचंच शिक्षण होतं. गणित मदरशाला परकं नाही. घोडं पेंड खातं ते तीन ठिकाणी: दिवसाचे तास, वर्षाचं कॅलेंडर आणि मुलाचे कागद.

हिफ्जचा दिवस कसा चालतो

हे समजल्याशिवाय वेळापत्रकाला हात लावू नये. हिफ्जच्या मुलाला रोज तीन गोष्टी ऐकवायच्या असतात. सबक, म्हणजे आजचा नवा पाठ. सबकी, म्हणजे गेल्या काही दिवसांत पाठ झालेला ताजा भाग. आणि आमोख्ता, म्हणजे जुनं पाठांतर, बहुधा रोज एक पारा. कुराणाचे पारे ३०. पंधरा ओळींच्या हाफिजी प्रतीत एक पारा साधारण वीस पानांचा, सगळं मिळून सहाशेच्या वर पानं. रोज अर्धं पान धरलं आणि वर्षात २७० दिवस सबक झाला, तर साडेचार वर्षं लागतात. रोज एक पान झालं तर सव्वादोन. बहुतेक मुलं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतात.

एक पारा ऐकवायला मुलाला अर्धा-पाऊण तास लागतो. एका उस्तादाकडे वीस मुलं. म्हणजे सगळ्यांचा पूर्ण आमोख्ता एकट्याने ऐकायचा तर दहा तास हवेत. त्यामुळे मुलं एकमेकांना ऐकवतात, दोघं-दोघं एकदम बसतात, मोठी मुलं लहानांचं ऐकतात. हा सगळा डोलारा वेळेवर तोललेला आहे. त्यातून अर्धा तास काढला की पहिला बळी आमोख्त्याचा जातो, कारण सबक दिसतो आणि आमोख्ता दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी मुलगा कच्चा पडतो. मग उस्ताद गणिताच्या मास्तरांना सांगतात, "मास्टरसाब, इसका आमोख्ता कच्चा है, आज इसको रहने दो." दुसऱ्या दिवशी दोन मुलं राहतात, आठवड्याने नऊ.

उस्तादांचा यात दोष नाही. त्यांचं नाव दस्तारबंदीला, म्हणजे पाठांतर पुरं झाल्याच्या समारंभाला, किती मुलांच्या डोक्यावर पगडी बांधली जाते त्यावर ठरतं. कितवीपर्यंत गणित आलं हे त्यांना कोणी विचारत नाही.

पहिल्या वर्षाच्या चुका थोडक्यात: सगळे ८४ एका हॉलमध्ये, सहा वर्षांचा आणि अठरा वर्षांचा शेजारी, हातात आठवीचं उर्दू माध्यमाचं पुस्तक, कारण ते सहज मिळालं, वेळ दुपारची, आणि शिक्षकांचं हजेरीपुस्तक वेगळं, उस्तादांचं वेगळं. शेवटची चूक सर्वात महागात पडली. दोन हजेऱ्या म्हणजे दोन मालक.

दुसरी मांडणी

तिन्ही गटांना तीन वेगळी उत्तरं लागतात. एकच "आधुनिकीकरण" सगळ्यांवर पांघरता येत नाही.

नाझराच्या २२ मुलांसाठी मदरशाने शाळा काढूच नये. ही मुलं जवळच्या महापालिकेच्या उर्दू शाळेत घालावीत आणि मदरसा त्यांच्यासाठी सकाळ-संध्याकाळचा मक्तब, म्हणजे कुराण शिकवणारा वर्ग, आणि वसतिगृह व्हावा. शिक्षण हक्क कायदा मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना लागू नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. पण सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याला वयानुसार वर्ग द्यायचा आणि मागे पडलेला भाग विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा. शाळेत नाव लागलं की सरल या सरकारच्या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीत नोंद होते आणि पुढे दाखल्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरी बाजूही लक्षात असावी: नियमित विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरली जातील, अशी भूमिका राज्य सरकारने जुलै २०१५ मध्ये घेतली होती. नाझरा दिवसाला दोन तासांत होतो. त्यासाठी पूर्ण दिवस अडवणं हा निव्वळ अपव्यय आहे, आणि हे मोहतमिमसाहेबही खासगीत मान्य करतात.

हिफ्जच्या ४१ मुलांसाठी रोज सव्वा तास, जास्त नाही. हा तास कुठे बसवायचा? फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, नाही, कारण तेव्हा सबक ऐकवला जातो. मगरिब ते इशा, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजपासून रात्रीच्या नमाजपर्यंत, नाही. उद्याचा सबक त्या वेळात पाठ होतो आणि ती वेळ हिफ्जचा कणा आहे. दुपार तर बादच. उरते सकाळची अकरा ते सव्वाबाराची वेळ. हिवाळ्यातला दिवस असा बसतो: सहा ते साडेसात सबक, न्याहारी, सव्वाआठ ते पावणेअकरा सबकी आणि आमोख्ता, अकरा ते सव्वाबारा शाळेचे विषय, मग जेवण, जुहर, झोप, पावणेतीन ते सव्वाचार पुन्हा पाठांतर, असर, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज, ते मगरिब मैदान. उन्हाळ्यात फजर लवकर होते, म्हणून सगळं तासभर अलीकडे ओढायचं आणि वरच्या मजल्यावरचा वर्ग खालच्या दालनात आणायचा. मे महिन्यात पत्र्याखाली अकरा वाजता बसणं शक्य नाही.

सव्वा तासात दोनच विषय: चाळीस मिनिटं गणित, पस्तीस मिनिटं भाषा, एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. विज्ञान, इतिहास, संगणक यांतलं काहीही नाही. हा निर्णय ट्रस्टींना पटत नाही. संगणक कक्षाचं उद्घाटन करता येतं, भागाकाराचं करता येत नाही. पण चौदाव्या वर्षी ज्या मुलाला अपूर्णांक येतात आणि तीन लिप्या वाचता येतात, त्याला उरलेलं दोन वर्षांत शिकवता येतं. उलट्या क्रमाने गेलं तर काहीच हाती लागत नाही.

आणि एक नियम, जो कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या: सबक कच्चा राहिला तर शिक्षा किंवा भरपाई खेळाच्या वेळेतून किंवा शुक्रवारच्या सुट्टीतून होईल, गणिताच्या तासातून नाही. हजेरीपुस्तक एकच. त्यात सबक, आमोख्ता, गणित, भाषा असे चार रकाने. चौथा रकाना उस्तादांसमोरच भरायचा. हिफ्जचे उस्ताद आणि मास्तर एका पानावर आले की निम्मी भांडणं मिटतात.

तिसरा गट, २१ मुलं, हाच खरा प्रकल्प. आलिमच्या अभ्यासक्रमाआधी पुष्कळ मदरशांत इदादिया नावाचा तयारीचा वर्ग असतो: उर्दू, थोडी फारसी, अरबी व्याकरणाची सुरुवात. तो एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा करायचा. सकाळी तीन तास सर्फ-नह्व, म्हणजे अरबी व्याकरण, आणि उर्दू, नंतर तीन तास शाळेचे विषय. दोन वर्षांच्या शेवटी हातात दहावी. मुलगा आलिम एक वर्ष उशिरा होतो. पण सतराव्या वर्षी दहावी असलेला आणि बाविसाव्या वर्षी फजीलतची, म्हणजे आलिमचा अभ्यासक्रम पुरा केल्याची, सनद असलेला मुलगा वेगळ्या जागी उभा असतो. नुसत्या सनदेवर पुढे जाण्याच्या वाटा आहेत, नाही असं नाही. अलिगड मुस्लिम विद्यापीठात मदरशातून आलेल्यांसाठी २०१३ पासून ब्रिज कोर्स आहे, हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठातही तशी सोय आहे. पण आयटीआय, अकरावी, सरकारी भरती, सगळीकडे पहिला प्रश्न दहावीचाच येतो. ५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, पण कामिल-फाजिल या पदव्यांना मदरसा बोर्डाने पदवीचा दर्जा देणं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत ठरवलं. महाराष्ट्राला तो कायदा लागू नाही, तरी वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं.

परीक्षा कोणती: हे चंद्र ठरवतो

दोन वाटा आहेत. राज्य मंडळाची दहावी, खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून. किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. बहुतेक मदरसे ओळखीच्या माणसाच्या सल्ल्याने निवड करतात. खरं तर भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी लावून ती करायला हवी.

मदरशाचं वर्ष रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात सुरू होतं, रमजानआधीच्या शाबानमध्ये वार्षिक परीक्षा होते आणि रमजानभर सुट्टी असते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून हे सगळं दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतं. २०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च होती आणि रमजान २ मार्चला लागला. २०२६ मध्ये परीक्षेची सुरुवात २० फेब्रुवारीची आणि रमजानची त्याच्याच आसपासची, म्हणजे अख्खी परीक्षा रोज्यात.

रोजा ठेवून पेपर देता येतो, लाखो मुलं देतात. हाफिज, म्हणजे कुराण पाठ झालेल्या, मुलाची अडचण वेगळी आहे. रमजानात तो तरावीह, म्हणजे रात्रीची जादा नमाज, पढवतो: रोज रात्री वीस रकात (नमाजेची आवर्तनं), एक-सव्वा पारा, उभ्याने, तोंडपाठ, मागे ऐकणारा दुसरा हाफिज चूक पकडायला तयार. त्यासाठी दिवसभर त्याला तोच पारा घोळवावा लागतो. शिवाय तो नागपुरात नसतोच. वणीला, उमरखेडला, कुठल्या तरी गावच्या मशिदीत महिनाभर मुक्कामाला गेलेला असतो. बीजगणिताचा पेपर द्यायला तो येणार नाही, आणि आला तरी रात्री बारापर्यंत जागून आलेला असेल.

एनआयओएसच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दोन्ही सध्या रमजानच्या बाहेर आहेत. पाच विषय एकदम द्यावे लागत नाहीत. नोंदणीपासून पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. किमान वय चौदा. आधीच्या शाळेचा दाखला नसेल तर दहावीचा अभ्यास झेपेल असं स्वयंघोषणापत्र चालतं. या गटाला हे अंगावर बेतून शिवल्यासारखं बसतं.

विषय विभागायचे ते असे: पहिल्या एप्रिलमध्ये उर्दू, इंग्रजी, सामाजिक शास्त्र. गणित आणि विज्ञान त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये. सोपे आधी, अवघड नंतर, असा याचा हिशेब नाही. रमजानच्या सुट्टीत आणि ईदला मुलं गावी गेली की चाळीस दिवस वही बंद असते. वाचलेलं सामाजिक शास्त्र चाळीस दिवस टिकतं, गणित टिकत नाही. शव्वाल उजाडल्यापासून सप्टेंबरपर्यंत मोठी सुट्टी नसलेला सलग पट्टा मिळतो. ईद-उल-अज्हाचे आठ-दहा दिवस सोडले तर खंड नाही. गणित त्या पट्ट्यात.

इथे हमखास होणारी चूक: पास होण्याच्या घाईत उर्दू, अरबी, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री असे विषय घेतले जातात. निकाल छान लागतो, ट्रस्टच्या अहवालात फोटो येतो. मग मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा किंवा फिटरचा अर्ज भरायला जातो आणि कळतं की गणित-विज्ञान नाही. अरबी घ्यायची तर सहावा विषय म्हणून घ्यावी. विदर्भातल्या मुलांनी सहावा विषय मराठीच घ्यावा. सातपर्यंत विषय घेता येतात.

लेखी परीक्षेखेरीज प्रत्येक विषयाला गृहपाठ असतो, त्याला वीस टक्के भार. साधारण असं होतं की एक हुशार मुलगा लिहितो आणि वीस जण उतरवतात. या मुलांच्या बाबतीत तो तोटा दुप्पट आहे. का, ते पुढे.

सहाशे पानं पाठ, एक पान लिहिलेलं नाही

हिफ्जचं सगळं शिक्षण कानाचं आणि जिभेचं आहे. चार वर्षं मुलगा दिवसाचे आठ तास अभ्यास करतो, पण लेखणी हातात घेत नाही. चौदा वर्षांच्या हाफिजाला इतिहासाचा धडा दोनदा वाचून दाखवा, तो जवळजवळ शब्दशः परत सांगेल. तेच उत्तर लिहायला सांगा: दहा मिनिटांत तीन-चार ओळी, अक्षर पहिल्या इयत्तेचं, पेन मुठीत धरलेलं. तीन तासांच्या पेपरात हा मुलगा नापास होतो तो न आल्यामुळे नाही, न लिहिल्यामुळे. आणि तपासणाऱ्याला हा फरक कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून इदादियाच्या पहिल्या सहा महिन्यांत रोज वीस मिनिटं इमला, म्हणजे श्रुतलेखन. सुरुवातीला दहा ओळी, सहाव्या महिन्यात वीस मिनिटांत एक भरलेलं पान. गृहपाठ प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, पेनने, मास्तरांच्या डोळ्यांसमोर. बाकं घेऊ नयेत. मदरशातली बुटकी तिपाई लिहायला चांगली असते. फक्त फळा खाली आणावा. मुलं जमिनीवर बसतात आणि फळा शाळेच्या उंचीवर टांगलेला असतो, पुढच्या रांगेतली मुलं मान वर करून दमतात. फळ्याची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर असली की पुरे.

वहीची एक गंमत आहे. दोनशे पानी एकच वही दिली तर मुलं उर्दू उजवीकडून सुरू करतात आणि गणित डावीकडून. दोन्ही विषय मध्यावर येऊन भेटतात. हे थांबवू नये. कुठला विषय मागे पडला ते वही बंद असतानाच कळतं.

गणिताची भाषा आधी उर्दूच ठेवावी: जमा, तफरीक, जर्ब, तक्सीम, म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. बालभारतीची उर्दू पुस्तकं मिळतात, पण आठवीपासून नाही, पाचवीपासून सुरू करायची, वय काहीही असो. अपूर्णांकांपाशी सगळी मुलं अडतात, आणि तिथेच मदरशाकडे एक हुकमी पान आहे. फराइज, म्हणजे वारसा-वाटपाचं शास्त्र, संपूर्णपणे अपूर्णांकांवर उभं आहे: १/२, १/४, १/८, २/३, १/३, १/६. फळ्यावर लिहा: माणूस वारला, मागे बायको, आई आणि एक मुलगा, मालमत्ता २,४०,०००. बायकोला १/८, आईला १/६, उरलेलं मुलाला. आठ आणि सहाचा लसावि २४. बायकोचे ३ भाग, आईचे ४, मुलाचे १७. म्हणजे ३०,००० आणि ४०,०००, आणि मुलाला १,७०,०००. ज्या मुलाला लसावि कशाला लागतो हे आठवडाभर कळत नव्हतं, त्याला हे एका बैठकीत कळतं, कारण हा प्रश्न त्याच्या गावात कोणी ना कोणी इमामसाहेबांना विचारलेला असतो. पुढची पायरी औलची: नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. १/२ अधिक २/३ म्हणजे ७/६, एकापेक्षा जास्त. मग सहाऐवजी सात भाग धरायचे, नवऱ्याला ३, बहिणींना मिळून ४. इथे मुलं वाद घालायला लागतात. वर्गात गणितावरून वाद झाला की मास्तरांनी बाजूला बसावं.

टक्केवारीसाठी जकात (नाक्यावरची नव्हे, धर्माने सांगितलेलं वार्षिक दान): चाळिसावा भाग म्हणजे अडीच टक्के. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, साडेबावन्न तोळे चांदी, तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. दशांश गुणाकाराचं उदाहरण आयतं मिळतं.

भूगोलासाठी किबला, म्हणजे नमाजेत तोंड करायची मक्केची दिशा. नागपूर साधारण २१.१ अंश उत्तर अक्षांशावर, मक्का २१.४ वर. जवळजवळ एकाच ओळीत. मग किबला सरळ पश्चिमेला हवा? पृथ्वीगोलावर नागपूरहून मक्केपर्यंत दोरा ताणून धरा: तो पश्चिमेपेक्षा सुमारे आठ अंश उत्तरेकडे झुकून निघतो. नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी नसते, हे पानभर स्पष्टीकरणापेक्षा त्या दोऱ्याने पटतं.

मराठीत वेगळी अडचण. विदर्भातल्या मुलांना मराठी कानाने येते, बाजारातली, एसटीतली. देवनागरी वाचता येत नाही. बिहारच्या मुलांना देवनागरी येते, मराठी येत नाही. दोघांना जोडीने बसवावं. पहिले दोन महिने पुस्तक नको: गणेशपेठच्या बसस्थानकावरच्या पाट्या, विजेचं बिल, औषधाच्या दुकानाची पावती. ळ आणि ण यांचा घोळ सगळ्यांचाच होतो. तजवीद, म्हणजे कुराणाचे शुद्ध उच्चार, शिकलेल्या मुलाला "जीभ वळव" म्हणून उपयोग नाही. त्याला मखरजचा, म्हणजे उच्चारस्थानांचा, तक्ता काढून द्या, जिभेचं टोक टाळूला कुठे लागतं ते दाखवा. ऐन, हे, जाद घशातून आणि दाढेजवळून नीट काढणारी मुलं आहेत ही. ळ त्यांना दोन दिवसांचं काम.

कागद

मुलाच्या आधारवर "मो.", जन्मदाखल्यावर "मोहम्मद", जुन्या शाळेच्या दाखल्यावर "मुहम्मद", आणि जन्मतारीख १ जानेवारी. अशी मुलं दर वर्गात असतात. आधारमध्ये नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईने सेतू केंद्रात धावू नये. आधी एक तक्ता करावा: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, प्रत्येक कागदावर कशी आहे ते अक्षरशः तसंच. मग एक रूप ठरवायचं, शक्यतो जन्मदाखल्याचं, आणि बाकी सगळं त्याच्याकडे वळवायचं. हे काम प्रवेशाच्या महिन्यात झालं पाहिजे. दहावीच्या गुणपत्रिकेवर चुकीचं नाव छापून आलं की पुढची दोन वर्षं त्यात जातात.

परराज्यातून मुलं आणताना संमतीपत्र, पालकांच्या आधारची प्रत, मदरशाचं प्रवेशपत्र आणि गावच्या मुखियाचा दाखला सोबत हवाच. मे २०२३ मध्ये बिहारहून येणाऱ्या ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाडला गाडीतून उतरवलं गेलं, सोबतच्या शिक्षकांना अटक झाली. नंतर ते प्रकरण गैरसमजातून झाल्याचं मानून बंद करण्यात आलं. तोवर मुलांचे जे हाल व्हायचे ते झालेच होते.

पैसा

तीन शिक्षक लागतात: दोन बी.एड., एक डी.एड. राज्याच्या डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत, जी २०१३ पासून आहे, डी.एड. शिक्षकाला महिना ६,००० आणि बी.एड.ला ८,००० मानधन मिळायचं. त्या रकमेत शिक्षक टिकत नसे; शिकवणीत त्याहून जास्त मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते १६,००० आणि १८,००० केलं. आपल्या हिशेबात महिन्याला ५२,०००. मात्र अनुदान दर महिन्याच्या एक तारखेला येईल असं धरू नये. सहा महिन्यांचे ३,१२,००० बाजूला ठेवूनच नेमणुका कराव्यात, नाहीतर दिवाळीपर्यंत मास्तर दुसरीकडे.

ते बाजूला ठेवायचे कुठून, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मदरशाकडे येणारा बराचसा पैसा जकातीचा असतो, आणि हनफी फिकहप्रमाणे, म्हणजे हनफी पंथाच्या धर्मशास्त्राप्रमाणे, जकातीत तमलीक लागते: ती रक्कम हक्कदार व्यक्तीच्या मालकीची व्हायला हवी. इमारत, वीज, पगार यांवर ती थेट खर्च करता येत नाही. म्हणजे गणिताच्या मास्तरांचा पगार जकातीतून नाही. तो इमदादी, म्हणजे लिल्लाह, जकातीखेरीज स्वेच्छेने दिलेल्या देणगीतूनच. पावतीपुस्तकं आणि बँक खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. काही ठिकाणी मुलाची खुराकी आणि फी ठरवून, गरजू मुलाच्या किंवा पालकाच्या हातात जकात देऊन, त्यातून ती फी भरून घेतात. हे करायचं तर मुफ्तींकडून लेखी घेऊन करावं. कुर्बानीच्या कातड्यांवर पूर्वी मतबखचा, म्हणजे भटारखान्याचा, बराच खर्च निघायचा. आता कातड्याला भाव राहिलेला नाही, तो आकडा अंदाजपत्रकात शून्यच धरावा.

जे अजून सुटलेलं नाही

उर्दू माध्यमातून डी.एड. झालेल्यांमध्ये महिला बऱ्याच आहेत. मुलग्यांच्या निवासी मदरशात त्यांना नेमायला व्यवस्थापन कचरतं आणि त्याच वेळी शिक्षक मिळत नाहीत अशी तक्रारही करतं. लहान गट महापालिकेच्या शाळेत गेला तर तिथे त्याला महिला शिक्षिकाच शिकवतात, आणि त्याला कोणाची हरकत नसते. याचं काय करायचं ते प्रत्येक ट्रस्टने आपापलं ठरवावं. सेवानिवृत्त शिक्षक हा मधला मार्ग आहे, पण विज्ञानाला तो बहुधा मिळत नाही.

प्रात्यक्षिकांसाठी मुलांना अभ्यासकेंद्रावर न्यावंच लागतं आणि प्रात्यक्षिकात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. लेखीची तयारी होते, प्रात्यक्षिकाची तारीख कोणी बघत नाही, आणि विज्ञान राहून जातं. केंद्र निवडताना प्रयोगशाळा डोळ्यांनी बघून मगच नाव नोंदवावं.

आणि एनआयओएसची निवडही कायमची समजू नये. २०२७ मध्ये रमजान ९ फेब्रुवारीच्या सुमारास लागेल, २०२८ मध्ये जानेवारीच्या शेवटी, २०२९ मध्ये जानेवारीच्या मध्याला. म्हणजे २०२९ पासून फेब्रुवारी-मार्चमधली राज्य मंडळाची दहावी रमजानच्या बाहेर पडते, आणि तेव्हा १७ नंबरचा फॉर्म पुन्हा विचारात घेण्याजोगा होतो. पण त्या वर्षी शव्वाल फेब्रुवारीत येईल, नव्या मुलांचे प्रवेश आणि जुन्या मुलांचे पेपर एकाच पंधरवड्यात पडतील, आणि दफ्तरात कारकून एकच आहे.